निहोंगाचे दगडी रंग वाळल्यावर बोटाला लागतात, नेमकं काय चुकतंय?

जाई_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी गेली वीसेक वर्षं वॉटरकलर करतेय, जास्त करून फुलंच. माझी भाची ओसाकाला असते, ती दिवाळीला आली तेव्हा माझ्यासाठी निहोंगाचं सामान घेऊन आली, निहोंगा म्हणजे जपानी पारंपरिक पद्धतीचं पेंटिंग. रंगांच्या पुडीच्या आठ बाटल्या, शिंपल्यांच्या पांढऱ्या पुडीचं एक पाकीट, एक रुंद चपटा ब्रश आणि डिंकाच्या रंगाच्या कडक लांब काड्या. भाची म्हणाली, मावशी या काड्या म्हणजे सरस, रंगात चिकटणारं काहीच नसतं, ते आपण करून घालायचं.

बाटल्यांमध्ये चार निळ्या आहेत, चारही एकाच दगडाच्या, अझुराइटच्या. पण आकडे वेगळे, ७, ९, ११ आणि शेवटच्या बाटलीवर आकडाच नाही, 'पांढरा' असं लिहिलंय म्हणे आणि आत बघितलं तर आकाशी. ७ नंबर चिमटीत घेतला तर बारीक रव्यासारखा लागतो आणि निळा इतका खोल की बघतच राहावं.

तर मी गोकर्णाचं फूल काढलं. पाकळीला ७ नंबर, कडेला तो आकाशी, मधे पांढरा. रात्री ओलं होतं तेव्हा इतकं सुंदर दिसत होतं की दोनदा उठून बघून आले. सकाळी कागद उभा धरला तर खाली पेपरवर निळी रांगोळी पडली हो. पाकळीवर बोट फिरवलं तर बोट निळं. आकाशी मात्र घट्ट बसलाय, निघत नाही. आणि मधल्या पांढऱ्याला दोन दिवसांनी भेगा पडल्या, आता पोपडे निघतायत, जुन्या भिंतीचा चुना सुटतो ना तसे.

मी काय केलं ते पण सांगते. काडी मोडून पाण्यात टाकली, गॅसवर उकळून विरघळवली, पाणी अंदाजाने. रंग ब्रशनेच कालवला, बशीत. कागद आपला हॅन्डमेड, जाड, पुण्याहून आणलेला, त्याला काही लावलं नव्हतं.

एकाच चित्रात एक रंग सुटतो आणि दुसरा तडकतो, मग सरस कमी पडला म्हणायचं की जास्त झाला? वरून फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग धरून ठेवायचा स्प्रे, मारलं तर चालेल का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, ७ नंबर थोडाच उरलाय आणि तो वाया घालवायचा जीव होत नाही.

क्योतोकर

जाईताई, फिक्सेटिव्ह मारू नका, आधी हे वाचा. मी इथे क्योतोत सहा वर्षं आहे, दर शनिवारी एका वयस्कर सेन्सेईंकडे निहोंगा शिकायला जातो. पहिले दोन महिने चित्र नव्हतंच, सरस करायचा आणि रंग कालवायचा, बस.

आधी आकड्यांचं. दगड तोच, दळण वेगळं. अझुराइट कुटून, दळून, पाण्यात निवळून जाड-बारीक वेगळं काढतात. लहान आकडा म्हणजे जाड कण, आणि कण जाड तितका रंग गडद. जसजसा बारीक दळाल तसतसा फिका होतो, आणि सगळ्यात बारीक जो उरतो त्याला ब्याकु म्हणतात, म्हणजे पांढरा, तीच तुमची आकाशी बाटली. म्हणजे गडद-फिकं करायला तुम्ही पाणी वाढवायचं नाही, बाटली बदलायची. वॉटरकलरवाल्याला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, मला पण लागला.

आता तुमचा ७ का सुटला. बारीक पूड कागदाच्या धाग्यांत शिरून बसते, म्हणून सरस जेमतेम असला तरी ती टिकल्यासारखी वाटते. जाड कण वाळूसारखे वर बसतात, त्यातल्या एकेका कणाला सगळीकडून सरस लागलेला पाहिजे, आणि ते ब्रशने होत नाही. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत पूड घ्यायची, सरसाचे चार थेंब टाकायचे आणि मधल्या बोटाने मळत राहायचं, बशीच्या तळाला घासत, गोल गोल. आधी ते कोरडं कोरडं लागतं, मग एका क्षणी बोटाखाली आवाज बदलतो, किरकिर कमी होते आणि ओल्या वाळूसारखी चकाकी येते. तेव्हा झालं. मगच थेंब थेंब पाणी. आणि लावताना प्रत्येक वेळी ब्रश बुडवायच्या आधी ढवळायचं, कारण दगड तळाला बसतो, वर नुसतं सरसाचं पाणी राहतं. तुम्ही बहुतेक तेच वरचं पाणी आधी लावलंत आणि शेवटी तळाची वाळू.

(बोटाला जखम असेल तर मळू नका. निळ्या-हिरव्यात तांबं आहे, आणि आठात लाल हिंगूळ असेल तर त्यात पारा. हिंगूळ कधीही तापवायचा नाही.)

दुसरं, सरस उकळलात तिथे निम्मा जीव गेला त्याचा. १० ग्रॅम सरसाला साधारण १०० मिली पाणी, रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा, सकाळी फुगून मऊ होतो, मग गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६०-७० डिग्रीला हळू विरघळवायचा, फडक्याने गाळायचा. फ्रीजमध्ये ठेवलात की जेलीसारखा होतो, लागेल तेवढा परत कोमट करायचा. चार-पाच दिवसांत वास बदलतो, तो टाकून द्यायचा. कोल्हापुरात मे महिन्यात तर दोन दिवस पण नाही टिकणार.

तिसरं, आणि मला वाटतं खरा घोळ इथेच आहे, कागद. कच्चा हॅन्डमेड कागद सरस पिऊन टाकतो आणि कण वर उघडे राहतात. इथे कागदाला आधी दोसा देतात, म्हणजे सरसाच्या पातळ पाण्यात तुरटी. एक लिटर पाण्याला साधारण १५ ग्रॅम सरस आणि ५ ग्रॅम तुरटी. रुंद ब्रशने एका दिशेने लावायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग मागून. भाचीने दिलेला चपटा ब्रश त्यालाच असतो बहुतेक. तुरटी जास्त नको, कागद आंबट होऊन पुढे ठिसूळ होतो.

पांढऱ्याचं उलट झालंय. तो गोफुन, शिंपल्यांची पूड, तो सरस जास्त झाला किंवा थर जाड दिला की तडकतो. सरस सुकताना आकसतो आणि आपल्याबरोबर सगळं ओढतो. गोफुन खलात अगदी बारीक घोटायचा, थोडा थोडा सरस घालत कणकेसारखा गोळा करायचा, आणि तो गोळा बशीवर आपटायचा. शंभर वेळा. खरंच शंभर, सेन्सेई मोजायला लावतात. मग पाण्यात सोडवून पातळ, जवळजवळ दुधाच्या पाण्यासारखा लावायचा, पहिल्या हाताला काहीच दिसत नाही, वाळताना पांढरा वर येतो. पाच-सहा हात. वरच्या थरातला सरस खालच्यापेक्षा कमी, हा नियम सगळ्याच रंगांना.

रंधा

चित्रकलेतलं मला काही कळत नाही पण सरस म्हटल्यावर राहवलं नाही. आमचे आबा सुतार, सांगलीला दुकान होतं. फेव्हिकॉल आमच्या घरी फार उशिरा आला, तोवर सरसच. दुकानात एक काळं झालेलं डबल भांडं होतं, बाहेरच्यात पाणी, आतल्यात सरस, आणि ते कायम भुश्याच्या शेगडीवर मंद. आम्हा पोरांना एकच ताकीद, उकळी फुटू द्यायची नाही, फुटली की सरस मेला. आबा बोटाला लावून अंगठा टेकवून उचलायचे, मधे तार आली की ठीक, नाही आली की ओता गटारात. आणि लाकूड पण कोमट करून घ्यायचे थंडीत, नाहीतर सरस वरच्यावर गोठतो आणि जोड धरत नाही.

क्योतोकर, तुम्ही जे ६० डिग्री म्हणताय ते आबा थर्मामीटरशिवाय करायचे. तिकडे पण बोटाने तार बघतात का? जाईताई, थंडीत काम करत असाल तर बशी कोमट ठेवून बघा, मला वाटतं तोही फरक पडेल.

क्योतोकर

रंधा भाऊ, तंतोतंत तेच. सेन्सेई पण दोन बोटांत धरून बघतात. आणि हिवाळ्यात इथे बशीखाली छोटी गरम प्लेट असतेच, रंग बशीत गोठला की परत सैल करायला.

मृण्मयी_प

एक प्रश्न, कुणाला दुखवायचा हेतू नाही. सरस जनावराच्या कातड्या-हाडांचाच असतो ना? आमच्या घरी ते चालणार नाही. बाभळीचा डिंक वापरून हेच रंग लावता येतील का? आपल्या लघुचित्रांत डिंकच असायचा ना?

क्योतोकर

मृण्मयीताई, प्रश्न अगदी योग्य आहे, माझ्या आईनेही हाच विचारला होता. हो, सरस जनावराचाच. डिंकावर लघुचित्रं झाली ती रंग अतिशय बारीक घोटलेला असायचा म्हणून. तुम्ही ११च्या पुढचे किंवा ब्याकु घेतलेत तर डिंकावर छान बसतील. ५ किंवा ७ चे कण डिंकाला पेलत नाहीत, आणि थरावर थर दिला की खालचा डिंक परत विरघळून वर येतो. इथे समुद्री शेवाळाची खळ पण असते, फुनोरी म्हणतात, चित्रांच्या दुरुस्तीत वापरतात, पण ती मुळात हलकी असते, जाड दगडाला तीही कमी पडेल. म्हणजे बारीक रंगांचं, पातळ थरांचं चित्र करा, ते वेगळं होईल पण खोटं होणार नाही.

आणि जाईताई, ७ नंबर निळ्याबद्दल लिहायचं राहिलं. तोक्योला आओयामात नेझू म्युझियम आहे, तिथे ओगाता कोरिन या चित्रकाराचे आयरिसच्या फुलांचे दोन पडदे आहेत, घडीचे, सहा-सहा पानांचे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे. बहुतेक दर वर्षी एप्रिल-मेमध्ये लावतात, तेव्हाच म्युझियमच्या बागेतल्या तळ्यात तीच फुलं उमललेली असतात. भाचीकडे जाल तर त्याच दिवसांत जा. सगळी जमीन सोन्याच्या वर्खाची, त्यावर फक्त दोन रंग, अझुराइटचा निळा आणि मॅलकाइटचा हिरवा. पाणी काढलेलं नाही, काठ नाही, आकाश नाही. फुलाला बाहेरची रेघ नाही, नुसता रंगाचा थर, आणि बाजूने वाकून बघितलं की पाकळी सोन्याच्या वर उचललेली दिसते, कारण तो खरंच दगडाचा थर आहे. कोरिन क्योतोच्या किमोनोच्या व्यापाऱ्याच्या घरातला, आणि नीट बघितलं तर फुलांचे काही झुबके तेच ते परत आलेत, कापडावर छापा ठेवावा तसे.

त्यामागची गोष्ट जुनी आहे, इसे मोनोगातारी या जपानी गोष्टी-कवितांच्या जुन्या ग्रंथातली. एक माणूस राजधानी सोडून पूर्वेकडे निघालाय, यात्सुहाशी नावाच्या जागी आठ फळ्यांच्या पुलापाशी शिदोरीचा सुका भात खायला बसतो, समोर आयरिस फुललेली, तो मागे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने कविता म्हणतो आणि बरोबरचे सगळे इतके रडतात की सुका भात भिजून फुगतो. कोरिनने या पडद्यांत माणूस पण काढला नाही आणि पूल पण नाही. पूल त्याने नंतरच्या एका जोडीत काढला, ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मला बिनपुलाची जोडी जास्त आवडते, तिच्यासमोर उभं राहिलं की तुम्हीच पुलावर असता.

पांढऱ्याबद्दल अजून एक. इतो जाकुचू नावाचा क्योतोचाच चित्रकार, १७१६ ते १८००, त्याची पक्षी-प्राण्यांची तीस रेशमी चित्रं आहेत. रेशीम पारदर्शक, म्हणून तो मागच्या बाजूनेही रंग लावायचा. त्यातल्या पांढऱ्या फिनिक्सची पिसं सोनेरी चमकतात, पण तिथे सोनं नाही, रेशमाच्या मागे मातकट पिवळा आहे आणि पुढे पांढऱ्याच्या केसासारख्या बारीक रेघा. एवढा उजळ पक्षी, आणि पुढचा पांढरा इतका विरळ. तुमचा पांढरा उजळ हवा म्हणून थर वाढवू नका, त्याच्या खाली आणि शेजारी काय आहे ते बघा.

लेणीवाला

फिक्सेटिव्हचा विषय निघालाच आहे तर मला अजिंठ्याबद्दल लिहायलाच हवं. मी संभाजीनगरला कलेचा इतिहास शिकवतो. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत, मातीच्या गिलाव्यावर पातळ पांढरा हात देऊन, तो सुकल्यावर, रंगात चिकटद्रव्य घालून केलेली आहेत. म्हणजे जाईताईंच्या कागदावरचा प्रश्न तिथे भिंतीवर आहे, चिकट सुटली की रंग सुटतो. निजामाच्या सरकारने १९२०च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले, त्यांनी रंग धरून राहावा म्हणून शेलॅक लावलं, आपण ज्याला चपडा लाख म्हणतो ते. त्याआधी नकला करणाऱ्यांनी चित्र स्पष्ट दिसावं म्हणून व्हार्निश फिरवलं होतं ते वेगळंच. ते सगळं पुढे पिवळं पडलं, धूळ धरली, आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षं गेली. वरून काहीतरी फवारून रंग धरून ठेवायचा मोह मी वर्गात याच उदाहरणाने मोडतो.

आणि निहोंगाचा अजिंठ्याशी सरळ संबंध आहे, तो फार कमी जणांना माहीत असतो. योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे निहोंगाचे चित्रकार १९०३ मध्ये कलकत्त्याला आले होते, चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांच्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाचे हात देण्याच्या पद्धतीत, ताइकानकडून घेतलेलं बरंच आहे, हे बहुतेक पुस्तकांत असतं. पण आराई कांपो या चित्रकाराचं नाव आपल्याकडे घेतलंच जात नाही. रवींद्रनाथ १९१६ मध्ये जपानला गेले तेव्हा योकोहामाला हारा सांकेई या रेशमाच्या व्यापाऱ्याच्या घरी राहिले होते, तिथे शिमोमुरा कान्झानचं एक मोठं पडद्यावरचं चित्र त्यांना इतकं आवडलं की त्याची नक्कल करवून घेतली. ती नक्कल कांपोने केली. त्याचा हात बघून रवींद्रनाथांनी त्याला भारतात बोलावलं, तो कलकत्त्याला टागोरांच्या जोडासाँकोच्या वाड्यात शिकवायला आला आणि मग अजिंठ्याला जाऊन भिंतींच्या नकला केल्या. विचार करा, सरस आणि दगडाच्या रंगात वाढलेला माणूस, पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर.

त्या नकला तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपानंतर शहरात आग लागली, त्यात जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केलेल्या अजिंठ्याच्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला बहुतेक सगळ्या जळाल्या होत्या, आणि मुंबईच्या जेजेतल्या ग्रिफिथ्स आणि त्याच्या विद्यार्थ्यांच्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच. तीन वेळा. मला हे दर वेळी सांगताना वाईट वाटतं, आमच्या मुलांनी तिथे बारा-बारा वर्षं राबून केलेलं काम होतं.

पुढे १९४० मध्ये जपानने नाराजवळच्या होर्यूजी देवळाच्या भिंतींच्या नकला करायला घेतल्या. सातव्या शतकाचा शेवट-आठव्याची सुरुवात, बारा भिंती, आणि त्यातला बोधिसत्त्व बघितला की अजिंठा आठवल्याशिवाय राहत नाही, वळण मध्य आशिया आणि चीनमधून तिथवर गेलंय. कांपो त्याही कामात होता. तो १९४५ मध्ये गेला, म्हणजे पुढचं त्याने बघितलं नाही. २६ जानेवारी १९४९च्या पहाटे, नकलांचं काम चालू असतानाच, तिथे आग लागली आणि भिंतींचे रंग गेले. करपलेल्या भिंती अजून जपून ठेवल्यात. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला, आणि दर २६ जानेवारीला तिथे देवळांमधून आगीची ड्रिल असते. आपला झेंडावंदनाचा दिवस, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांच्या तारीख बरोबर लक्षात राहते.

क्योतोकर, तुम्ही कधी तोचिगीकडे गेलात तर साकुरा शहरात कांपोच्या नावाचं दालन आहे, त्याचं गाव ते. मला स्वतःला जायचंय.

जाई_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. लेणीवाला सर, तुमचं वाचून मी भाचीला फोन केला, तिला पण कांपो माहीत नव्हता, आता एप्रिलचं तिकीट बघतोय, नेझू आणि मग साकुरा.

आता काय केलं ते. सरस रात्री भिजत घातला, सकाळी बोटभर काडी फुगून अंगठ्याएवढी झाली होती. पातेल्यात वाटी ठेवून विरघळवला, रंधा भाऊ, तुमच्या आबांसारखी तार बघितली आणि आली हो तार. त्याच हॅन्डमेड कागदाला दोसा दिला, दोन्ही बाजूंनी, तो वाळून असा कडक झाला की टिचकी मारली तर वाजतो. मग ७ नंबर अगदी छोटा चमचाभर घेतला आणि बोटाने मळला. किरकिर खरंच कमी होते! मी आधी दोन मिनिटांत थांबले होते, तुमचं परत वाचलं आणि अजून मळत राहिले, साधारण दहा मिनिटांनी ती चकाकी दिसली. कागद फरशीवर आडवा ठेवून लावला, उभा नाही, दर वेळी ढवळून. खाली आकाशीचा पातळ हात आधी दिला होता.

काल सकाळी पेपरवर कागद उभा धरून मागून टिचकी मारली. सात-आठ कण पडले, मोजले मी. बोटाला काही लागलं नाही. निळा पहिल्यापेक्षा थोडा कमी चमकतोय असं वाटतं, सरस किंचित जास्त झाला असेल का? पुढच्या वेळी पाच थेंबांऐवजी चार घेऊन बघते.

गोफुन अजून लावला नाही. गोळा आपटून झाला, शंभर मोजून, शेजारच्या काकू विचारायला आल्या काय चाललंय म्हणून. उद्या पहिला हात.